कोरियाचं पांघरूण

आमच्या घरात कोरिया म्हणजे एक पांघरूण. कुणाला ताप भरला की आई म्हणायची, “कोरिया काढ गं,” आणि थोरली बहीण माळ्यावरच्या ट्रंकेतून डांबरगोळ्यांच्या वासासकट तो काढून आणायची. शेवाळी रंगाचं, जाड लोकरीचं ब्लँकेट. मधोमध काळ्या शाईत छापलेली दोन इंग्रजी अक्षरं, यू आणि एस. पाचवीत बाईंनी नकाशावर छडी टेकवून “हा कोरिया” म्हटलं तेव्हा मी हसले होते. आमच्या पांघरुणाचं नाव एखाद्या देशाला कसं काय दिलं, असं वाटलं होतं.

माजघरात अंबाबाईच्या तसबिरीशेजारी एक फोटो असायचा. चार जवान, मागे तंबूंची रांग, पायाखाली बर्फ, अंगात गुडघ्यापर्यंत आलेले टोपीचे कोट. उजवीकडून पहिले आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील, वय चोवीस. फोटोच्या पाठीवर जांभळ्या पेन्सिलीनं लिहिलेलं: हिंदनगर, डिसेंबर 53. कसरीनं एका जवानाचे पाय खाल्लेत, बाकी फोटो ठीक आहे.

खटाव तालुक्यातलं आमचं गाव. फौजेत माणूस नाही असं घर शोधावं लागेल. चावडीच्या भिंतीत पहिल्या महायुद्धाला गेलेल्यांचा आकडा कोरलेली संगमरवरी पाटी आहे, तशी सातारा जिल्ह्यात गावोगाव आहे. अशा गावात फौजी म्हणजे लढलेला, हा हिशेब सरळ असतो. त्यामुळे आण्णांबद्दलही लोक म्हणत, “हे कोरियाच्या लढाईत होतं.” आण्णा नुसती मान हलवत. होय म्हणत नसत, नाहीही म्हणत नसत.

ते बोलले 1988 साली. सोलच्या ऑलिंपिकचं उद्घाटन दूरदर्शनवर लागलं होतं आणि शेजाऱ्यांच्या ओसरीवर अर्धी आळी जमली होती. पडद्यावर रंगीत कपड्यांतली हजारो पोरं. आण्णा पुढे सरकून बघत होते, मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, “हितनं जवळच हुतो आम्ही. पण जमिनीवर पाय ठिवू दिला न्हाई.” मी तेव्हा शाळेत इतिहास शिकवत होते. त्या दिवसापासून त्यांना विचारत गेले आणि हाताला लागेल ते वाचत गेले. आण्णा सांगत त्यातलं काही पुस्तकांत होतं, बरंचसं नव्हतं.

पहिली गोष्ट कळली ती ही, की आण्णा कोरियाच्या लढाईत नव्हतेच. ते पोहोचले तेव्हा लढाई थांबून काही आठवडे झाले होते. युद्धविराम झाला 27 जुलै 1953 ला. तो त्याआधीच झाला असता, पण वाटाघाटी दीड वर्षाहून अधिक काळ एकाच प्रश्नावर अडून बसल्या होत्या. तो प्रश्न जमिनीचा नव्हता, माणसांचा होता. अमेरिका आणि तिच्या दोस्तांच्या कैदेत असलेल्या हजारो चिनी आणि उत्तर कोरियाई सैनिकांना घरी परत जायचं नव्हतं. जिनिव्हा कराराप्रमाणे लढाई संपली की कैदी परत पाठवायचे. चीन म्हणे, आमची माणसं आम्हाला द्या. अमेरिका म्हणे, जबरदस्तीनं कुणाला पाठवणार नाही. या पेचातून वाट काढणारा ठराव 1952 च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांत मंजूर झाला, तो भारतानं मांडलेला. त्यामागे कृष्ण मेनन होते. चीन आणि रशियानं तो आधी झिडकारला. मार्च 1953 मध्ये स्टालिन वारला, हवा बदलली आणि जवळपास त्याच धाटणीची योजना मान्य झाली. स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि भारत या पाच देशांचा आयोग नेमायचा, अध्यक्ष भारताचा, आणि नको म्हणणाऱ्या कैद्यांना सांभाळायला फौजही एकट्या भारताचीच.

अध्यक्ष झाले जनरल थिमय्या. फौजेचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात, आपले कोल्हापूरकडचे. दोघं 1945 साली ब्रह्मदेशात कांगॉच्या लढाईत एकाच ब्रिगेडमध्ये आपापल्या पलटणी घेऊन लढलेले. आण्णा पॅराशूट रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीत होते. तिच्या नावापुढे कंसात ‘मराठा’ असे. काश्मीरमध्ये 1948 साली झांगड परत घेतलं त्यात ती पलटण होती आणि विशीही न गाठलेले आण्णाही. म्हणजे लढाई त्यांनी पाहिली होती. कोरियाला जाताना त्यांना वाटलं होतं, हे काम हलकं असणार.

“हलकं?” आण्णा म्हणत. “झांगडला दुस्मान समोर हुता. हितं कोण दुस्मान, त्येच कळंना.”

दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांना भारत डोळ्यांसमोर नको होता. त्यांच्या लेखी भारत म्हणजे कम्युनिस्टांचा छुपा मित्र. याच गृहस्थानं 18 जून 1953 च्या पहाटे, वाटाघाटी शेवटाला आलेल्या असताना, छावण्यांची दारं उघडून सत्तावीस हजारांच्या आसपास कोरियाई कैदी परस्पर सोडून दिले होते. युद्धविराम मोडता मोडता राहिला. आता त्यांनी जाहीर केलं, भारतीय सैनिकाचं पाऊल आमच्या भूमीवर पडता कामा नये. आणि ते पडलं नाही. आपल्या फौजेची जहाजं इंचॉनला लागली, तिथून जवानांना अमेरिकेच्या विमानवाहू जहाजावर नेलं आणि त्याच्या डेकवरून हेलिकॉप्टरनं थेट दोन फौजांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवलं. एका खेपेत मोजकी माणसं मावत. अशी जवळपास सहा हजार माणसं हलवली. खटावच्या शेतकऱ्याच्या पोरानं विमानातून उड्या मारल्या होत्या, पण हेलिकॉप्टर बघितलं नव्हतं. आण्णांच्या मते ते पिठाच्या गिरणीसारखं थरथरत होतं आणि आपण आता दळून निघणार असं वाटत होतं.

खाली उतरले तो चार किलोमीटर रुंदीचा पट्टा. गावं उठून गेलेली, भातखाचरांत गवत माजलेलं, वाटेवाटेला सुरुंग. तिथे तंबूंची वस्ती उभी राहिली आणि तिचं नाव ठेवलं हिंदनगर. कोरियात, दोन्ही कोरियांच्या मधोमध, पाचेक महिने या नावाचं एक गाव होतं.

सप्टेंबरात कैदी ताब्यात आले. दक्षिणेकडून बावीस हजार सहाशेच्या वर, त्यांत चौदा हजार सातशे चिनी आणि बाकीचे उत्तर कोरियाई. उत्तरेकडून फक्त 359. त्यांत बहुतेक दक्षिण कोरियाई, 23 अमेरिकन आणि एक ब्रिटिश. काटेरी तारांचे वाडे, एकेका वाड्यात पाचशेच्या घरात माणसं. पण वाड्यावर राज्य कैद्यांच्या म्होरक्यांचं. डब्यांचे ढोल, चिंध्या रंगवून केलेली निशाणं, रात्रंदिवस गाणी आणि घोषणा. चिनी कैद्यांच्या दंडांवर, छातीवर कम्युनिस्टविरोधी घोषणा गोंदलेल्या. काहींनी त्या हौसेनं गोंदून घेतल्या, काहींच्या अंगावर म्होरक्यांनी जबरदस्तीनं गोंदल्या, म्हणजे परत जाण्याची वाटच बंद. आमच्याकडे हातावर तुळशीवृंदावन गोंदतात. आण्णांना तेवढंच गोंदण ठाऊक. अख्ख्या छातीवर राजकारण गोंदलेला माणूस त्यांनी तिथेच पाहिला.

हे कैदी भारतीय जवानांवर दगड फेकत, थुंकत. त्यांना सांगून ठेवलं होतं की हे हिंदी लोक तुम्हाला माओच्या हवाली करायला आलेत. सप्टेंबरच्या अखेरीस एका वाड्यातल्या चिनी कैद्यांनी एका भारतीय मेजरला ओढून आत नेलं. आत पाचशे डोकी, बाहेर बंदुका. गोळी चालवावी तर मेजर जायचा आणि त्याच्याबरोबर शेकडो. थोरात स्वतः थोड्या माणसांनिशी आत गेले, बोलत बसले आणि मेजरला घेऊन बाहेर आले. या कामासाठी त्यांना अशोक चक्र वर्ग दोन मिळालं, ज्याला आता कीर्ती चक्र म्हणतात. पलटणीत त्याची गोष्ट अशी सांगत: साहेबांनी आत गेल्यावर विचारलं, “आमच्या मुलखात पाहुण्याला चहा-पाणी विचारतात, तुमच्याकडे काय पद्धत?” मग सिगरेटी आल्या, चहा आला आणि मेजर सुटला. शब्द नेमके असेच होते का, हे सांगणं अवघड. फौजेतली गोष्ट तंबूतंबूत फिरते तशी वजन धरते. पण आण्णा ही गोष्ट सांगताना ताठ बसत.

दुसरी एक गोष्ट ते कधी पुरी सांगत नसत. ऑक्टोबरच्या पहिल्या दोन दिवसांत कैद्यांनी तारा तोडायचा प्रयत्न केला, आपल्या जवानांना गोळीबार करावा लागला आणि काही कैदी मेले. दुसरा दिवस 2 ऑक्टोबर होता. मी विचारलं, “तुम्ही होता का तिथं?” आण्णा उठून गोठ्यात गेले. गोठ्यात त्या वेळी काही काम नव्हतं.

खरी परीक्षा 15 ऑक्टोबरपासून सुरू झाली. ठरलं असं होतं, की कैदी ताब्यात आल्यापासून नव्वद दिवस चीन आणि उत्तर कोरियाचे अधिकारी आपल्या माणसांना समजावतील: घरी या, शिक्षा होणार नाही, आईवडील वाट बघतायत. त्यासाठी तंबू उभारले. एका बाजूनं कैद्याला आत आणायचं. आत टेबलामागे समजावणारे, बाजूला पाच देशांचे निरीक्षक आणि दुभाषे. ऐकून झालं की कैद्यासमोर दोन दारं. एकातून गेला तर घरी, दुसऱ्यातून गेला तर परत वाड्यात. इतका सोपा, इतका भयंकर बंदोबस्त मी दुसरा वाचलेला नाही. कैदी आपल्या पायानं येत नसत. दोन्ही बाजूंनी दोन भारतीय जवान दंड धरून त्यांना आणत आणि सुटला तर खुर्ची उचलून समोरच्याच्या डोक्यात घालील म्हणून धरूनच ठेवत. एकेकाला तास तास समजावत, आणि तो सगळा वेळ ओरडत असे.

आण्णांनी धरलेला एक जण त्यांना जन्मभर आठवत राहिला. वय त्यांच्याएवढंच. तळहाताला घट्टे, नांगराच्या मुठीचे, हे शेतकऱ्याच्या हाताला लगेच कळतं. तंबूत शिरल्यापासून तो एकच ओरडत होता, “ताई! ताई!” आण्णांना वाटलं, बहिणीला हाक मारतोय. गडी घाबरलाय, घरची आठवण आलीय, आता हा घरच्या दारानं जाणार. त्यांनी पकड जराशी सैल केली. त्यानं झटका देऊन दुसरं दार गाठलं आणि परत वाड्यात गेला.

रात्री कुणीतरी उलगडा केला. तो ‘तैवान, तैवान’ ओरडत होता. चिनी वाड्यांतले सगळेच ते ओरडत.

ही गोष्ट आण्णांनी घरात सांगितली तेव्हा आई चुलीपाशी बसली होती. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, “असंल बी. पर ताईच म्हणला असंल.” नंतर कितीदा समजावलं तरी तिचं मत बदललं नाही.

समजावणीचं काम चाललं मात्र रखडत. कधी कैद्यांनी तंबूत यायलाच नकार दिला, कधी चीननं आधी अमुक वाडाच हवा म्हणून हट्ट धरला. नव्वदांपैकी प्रत्यक्ष काम झालं ते दहाएक दिवस. 23 डिसेंबरला मुदत संपली. बावीस हजारांतून परत जायला तयार झाले सहाशेच्या थोडे वर. उत्तरेकडच्या 23 अमेरिकनांपैकी 21 जणांनी मायदेशी जायला नकार दिला, आणि सारं अमेरिकेचं वृत्तपत्रविश्व त्या एकवीस जणांवर तुटून पडलं.

पांघरूण आलं ते याच डिसेंबरात. थंडी शून्याच्या खाली पंधरा-वीस अंश. तंबूबाहेर ठेवलेलं पाणी तांब्याच्या आकाराचं बर्फ होऊन बसे. गरम कोट, बूट मिळाले होते, ते निघताना परत जमा करायचे होते. ब्लँकेट मात्र आण्णांच्या स्वतःच्या मालकीचं, असा त्यांचा दावा. आण्णा माळकरी. रमचं रेशन ते घेत, पीत नसत. सामानाचे ट्रक घेऊन येणारा एक अमेरिकन ड्रायव्हर होता. त्यानं रम घेतली, ब्लँकेट दिलं. म्हणजे एका वारकऱ्यानं पंढरीच्या माळेच्या जोरावर अमेरिकन सरकारचा माल मिळवला. हा व्यवहार कायद्यात कितपत बसतो, हे मी कधी खोलात जाऊन विचारलं नाही.

20 जानेवारी 1954. आयोगात एकमत होईना, उरलेल्यांचं काय करायचं हे जिनं ठरवायचं ती राजकीय परिषद भरेना, तेव्हा थिमय्यांनी उरलेले कैदी ज्या बाजूकडून आले त्या बाजूच्या हवाली केले. दिवसरात्र रांगा चालल्या होत्या. चौदा हजार चिनी जहाजांनी तैवानला गेले. तिथे 23 जानेवारी हा दिवस पुढे वर्षानुवर्षं साजरा झाला. चीननं भारताला दोष दिला, री यांनी आधीपासूनच दिला होता. दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्या म्हणजे पंचाईत नीट केली, असं गावच्या पंचाला विचारलं तर तो सांगेल. मला विचाराल तर स्वतंत्र भारतानं परदेशात केलेलं इतकं नेटकं काम फार थोडं आहे, आणि आम्ही शाळेत ते एका ओळीतसुद्धा शिकवलं नाही. बत्तीस वर्षं मी पानिपत शिकवलं. हिंदनगर एकदाही नाही.

अठ्ठ्याऐंशी जण उरले. त्यांना उत्तरही नको होती, दक्षिणही नको, चीन नको, तैवान नको. 76 कोरियाई आणि 12 चिनी. तिसरा कुठलाही देश चालेल म्हणाले, आणि भारतीय फौजेबरोबर जहाजात बसून फेब्रुवारीत भारतात आले. काही काळ दिल्लीला राहिले. पुढे बहुतेक जण ब्राझील आणि अर्जेंटिनाला गेले, थोडे इथेच राहिले. आण्णा म्हणत, जहाजावर ही माणसं सदा डेकच्या मागच्या टोकाला उभी राहून पाण्याकडे बघत. पुढच्या टोकाला कुणी येत नसे.

आण्णा गावात आले तेव्हा मी अडीच-तीन वर्षांची होते. मी त्यांना ओळखलं नाही, असं सांगतात. पांघरुणावर झोपले आणि मगच त्यांच्याजवळ गेले. त्या पांघरुणानं पुढे काय काय पाहिलं! आईनं सुरुवातीला त्याला नावं ठेवली. घोंगडीवर पाऊस पडला तर पाणी ओघळून जातं. हे पाणी पितं आणि दोन दिवस वाळत नाही, म्हणून रानात राखणीला ते कुचकामी. पण घरात त्याला तोड नव्हती. भावाला विषमज्वर झाला तेव्हा त्याला त्यातच गुंडाळून बैलगाडीतून वडूजला नेलं. एकदा उंदरानं कोपरा कुरतडला, तर आईनं घोंगडीच्या काळ्या लोकरीनं दाभण घालून तो रफू केला. आज हात फिरवला की कळतं, अमेरिकन लोकर मऊ पडलीय, धनगराची अजून टोचते.

1960 साली सरकारनं विदेश सेवा मेडल सुरू केलं. आण्णांना ते कोरियाच्या पट्टीसह मिळालं. त्यांनी ते कधी छातीला लावलेलं मी पाहिलं नाही. चावडीत दुसरी पाटी लावायची टूम निघाली, स्वातंत्र्यानंतरच्या लढायांत गेलेल्यांची, तेव्हा गावकरी नाव विचारायला आले. आण्णांनी झांगड सांगितलं. कोरियाचं विचारल्यावर म्हणाले, “तिथं लढाई न्हवती. राखण हुती.” पाटीवर झांगड आहे.

आण्णा गेले त्याला आता पंचवीसहून अधिक वर्षं झाली. पांघरूण माझ्याकडे आहे, फोटोही. फोटोतल्या चौघांपैकी आण्णांनी मला दोघांची नावं सांगितली होती. एक माण तालुक्यातले, एक शिराळ्याकडचे. दोन्ही घरं मी शोधून काढली, फोटोच्या प्रती त्यांना दिल्या. डावीकडून दुसरा जवान राहिला आहे. उंच, बारीक मिशी, टोपी मागे सारलेली, डाव्या हातात पितळी मग. तुमच्या घरात कुणी 1953 साली कोरियाला गेलं असेल, तर त्यांच्या जुन्या फोटोंची पाठ एकदा बघा. ‘हिंदनगर’ लिहिलेलं सापडलं तर कळवा. या फोटोची एक प्रत त्यांच्यासाठी काढून ठेवलेली आहे.